नेत्राणीला दोन डाइव्ह करून त्याच रात्री घाट चढावा का?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. जानेवारीच्या उत्तरार्धात सांगली आणि साताऱ्याचे मिळून आम्ही सहा जण कर्नाटकच्या किनाऱ्यावरील मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी स्कूबा डायव्हिंग करण्याच्या विचारात आहोत. आमच्यापैकी चौघांनी अंदमानात ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाच्या प्राथमिक प्रमाणपत्राचा, अभ्यासक्रम पूर्ण केलेला आहे. माझी पत्नी आणि माझे साडू यांची मात्र ही पहिलीच वेळ असेल. अनोळखी माणसांच्या गर्दीत जाण्यापेक्षा एक बोट दिवसभरासाठी पूर्णच भाड्याने घ्यावी, असे ठरत आहे. बोट सकाळी साडेसातला सुटेल, किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवरच्या बेटापाशी नांगर टाकेल, आम्हा चौघांच्या दोन डाइव्ह होतील, नवख्या दोघांना प्रशिक्षक एकदा खाली नेऊन आणेल आणि दुपारी दोनच्या सुमारास सर्वांना किनाऱ्यावर सोडण्यात येईल.

अडचण त्यानंतरची आहे. साडूंचे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान असून सोमवारच्या सौद्याला आपण हजर असलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. म्हणून रविवारी दुपारी जेवण उरकून तीनला निघायचे, अंकोल्याहून अरबैल घाट चढून येल्लापूर, हुबळी, बेळगावमार्गे मध्यरात्रीपर्यंत सांगली गाठायची आणि साताऱ्याच्या दोघांनी तसेच पुढे जायचे, असा बेत आहे. डाइव्हनंतर अठरा तास विमानात बसू नका, असे अंदमानातल्या प्रशिक्षकाने बजावले होते. बोटवाल्याला विचारले तर हा नियम विमानाचा आहे, गाडीला तो लागू होत नाही, असे उत्तर मिळाले. परंतु आपण तर समुद्रसपाटीवरून निघून थेट पठारावर चढणार आहोत, तेव्हा हे उत्तर कितपत ग्राह्य धरावे?

आणखी दोन शंका आहेत. पत्नीला घाटात गाडी लागते, त्यामुळे बोटही लागेल अशी धास्ती आहे. त्यावर काय उपाय करावा? आणि पूर्ण बोट घेताना पैशांखेरीज कोणत्या गोष्टी आधी पाहून घ्याव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाणकावळा (कराड)

विश्रामबागकर साहेब, आपली शंका रास्त आहे आणि बोटवाल्याचे उत्तर अपुरे आहे. तो नियम विमानाचा म्हणून सांगितला जातो हे खरे, पण त्यामागचे कारण विमान नसून हवेचा घटलेला दाब हे आहे, आणि तो दाब घाट चढणाऱ्या गाडीतही घटतोच. मालवणात घेतलेले वेफर्सचे बंद पाकीट आंबोलीला पोहोचेपर्यंत कसे टम्म फुगते, हे आपण सर्वांनीच पाहिलेले असेल. सुमारे ७०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत आठ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, आणि पाकिटातल्या हवेवर जो परिणाम होतो तोच शरीरात विरघळलेल्या वायूवरही होतो.

पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. म्हणजे अठरा मीटरवर आपण वरच्या हवेच्या २.८ पट दाबाखाली श्वास घेत असतो, आणि त्या हवेतला नायट्रोजन नेहमीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळत राहतो. वर येताना तो फुफ्फुसांवाटे सावकाश बाहेर पडावा, यासाठीच मिनिटाला नऊ मीटरहून अधिक वेगाने वर न येणे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबणे हे शिकवलेले असते. तरीही बोटीवर चढताना शरीरात जादा नायट्रोजन शिल्लक असतोच, आणि तो पुरता निघून जायला तासन्‌तास लागतात. त्या अवधीत बाहेरचा दाब आणखी उतरला, तर जो वायू निमूटपणे बाहेर पडला असता त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात तो हाच विकार होय.

आता आपल्या मार्गाकडे पाहू. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या शिफारशींनुसार, वर येताना सक्तीचे थांबे न घ्यावे लागणाऱ्या (पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यात धरत नाहीत) एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास उंचीवर जाऊ नये. या शिफारशी २,००० ते ८,००० फूट, म्हणजे साधारण ६०० ते २,४०० मीटर उंचीसाठी आहेत. विमानाच्या केबिनमधला दाब बहुधा या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतो. हुबळी साधारण ६७० मीटरवर आणि बेळगाव साडेसातशेच्या आसपास असल्यामुळे आपला रस्ता खालच्या टोकाला येतो. म्हणजे धोका विमानातल्याइतका नाही, पण आपण त्या पट्ट्यात नक्कीच शिरता. शिवाय घाट ओलांडून पलीकडे पुन्हा खाली उतरायचे असते तर गोष्ट वेगळी होती. आपल्याला तर तास-दोन तासांत वर चढून रात्रभर वरच राहायचे आहे. सांगली ५५० मीटरच्या आसपास आहे. साताऱ्याच्या दोघांना झोपायचेच आहे सातशेहून अधिक उंचीवर.

उपाय फारसा महाग नाही. दुसरी डाइव्ह साडेबाराला संपली असे धरले, तर अठरा तास सोमवारी सकाळी साडेसहाला पुरे होतात. मुरुडेश्वर ते अंकोला हा रस्ता सगळा समुद्रकाठचा असल्यामुळे तेवढा प्रवास या अठरा तासांतच करता येतो. पहाटे पाचला निघालात तर घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत वेळ भरलेली असेल आणि दुपारी एक-दोनपर्यंत आपण सांगलीत असाल. रविवारच्या संध्याकाळी भरपूर पाणी प्यावे, आणि मंडळींचा ‘श्रमपरिहार’ पुढच्या शनिवारवर ढकलावा, कारण मद्याने शरीरातले पाणी आणखी घटते.

यवतेश्वर_धावक (सातारा)

पाणकावळा यांच्या माहितीबद्दल आदर बाळगूनही मला वाटते की येथे विनाकारण भीती घातली जात आहे. मालवणला सकाळी स्कूबा करून, दुपारी मासे खाऊन, संध्याकाळी फोंडा घाटाने कोल्हापूर आणि रात्री सातारा हा कार्यक्रम आमच्याकडची अनेक कुटुंबे दर हिवाळ्यात करतात. मीही तो केलेला आहे. कोणालाही काहीही झाल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. सहा-सातशे मीटरची उंची ही आम्हा सातारकरांच्या दृष्टीने उंचीच नव्हे. आम्ही रोज पहाटे यवतेश्वरचा घाट पळत चढतो आणि दरवर्षी हिल मॅरेथॉनही धावतो. ज्यांचे हृदय व फुफ्फुसे तयार आहेत, त्यांना थोड्याशा नायट्रोजनने काय होणार? अशा नियमांचा बाऊ केला तर नोकरदार माणसाने सुट्टीच्या दोन दिवसांत समुद्र पाहायचाच नाही का?

पाणकावळा (कराड)

आपला आक्षेप योग्यच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मालवणच्या बाबतीत आपले निरीक्षण बरोबर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना जी डाइव्ह करवतात ती साधारण पाच ते आठ मीटर खोलीची आणि पंधरा-वीस मिनिटांची असते. प्रशिक्षकाने सिलिंडरला धरूनच ठेवलेले असते. इतक्या उथळ पाण्यात आणि इतक्या थोड्या वेळात शरीरात नायट्रोजन फारसा साठत नाही. अमेरिकी नौदलाच्या तक्त्यांत डाइव्हनंतर किती उंचीवर जाण्याआधी किती वेळ थांबावे याचे वेगळे कोष्टक आहे, आणि साठा अत्यल्प असेल तर दोन-एक हजार फुटांसाठी थांबण्याची गरज नाही असेच त्यातही दिसते. त्यामुळे मालवणहून त्याच संध्याकाळी परतणाऱ्या कुटुंबांना काही होत नाही यात नवल नाही. माझ्या मते त्यांनीही रात्रीचा मुक्काम किनाऱ्यावरच करावा, पण ते अधिक सावधगिरीचे झाले.

नेत्राणीचे गणित निराळे आहे. तेथे बेटाच्या कडेने तळ उतरत जातो आणि प्रमाणपत्रधारक माणूस सहज पंधरा-अठरा मीटरवर जातो. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात अठरा मीटरवर सक्तीचे थांबे न घेता राहण्याची कमाल मर्यादा ५६ मिनिटे आहे. पहिली डाइव्ह चाळीस मिनिटांची झाली, मध्ये तासभर बोटीवर बसून दुसरी पुन्हा तेवढीच झाली, तर दुसऱ्या वेळी आधीच्या साठ्यावर नवा साठा चढतो. खोली आणि वेळ मोजणारा, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर दुसऱ्या डाइव्हनंतर त्याच्या काचेवर विमानाचे एक छोटे चित्र आणि उतरत जाणारे तास दिसू लागतात. ते चित्र विमानाचे आहे म्हणून गाडीवाल्याने दुर्लक्ष करावे, असा त्याचा अर्थ नाही.

‘कोणाला काही झाले नाही’ याबद्दलही सांगायला हवे. हौशी डायव्हिंगमध्ये हा विकार मुळातच विरळा आहे. दहा हजार डाइव्हमागे मोजक्याच वेळा तो उद्भवतो. इतक्या विरळ गोष्टीबद्दल आपल्या ओळखीतल्या दहा-वीस कुटुंबांचा अनुभव काहीच सांगू शकत नाही, ना धोका असल्याचे, ना नसल्याचे. आणि धावण्याच्या सरावाचे म्हणाल, तर नायट्रोजन किती विरघळणार हे खोली आणि वेळ यांवर ठरते. उत्तम धावपटूच्या रक्तातही तो तेवढाच विरघळतो. किंबहुना डाइव्हनंतर लगेच जोराचा व्यायाम करू नये, असेच सांगितले जाते. तेव्हा सोमवारी पहाटे यवतेश्वर चढण्याचा विचार असेल, तर तो एक दिवस पुढे ढकलावा ही विनंती.

कान_नाक_घसा (मिरज)

मी डायव्हर नाही. कान, नाक आणि घशाचा डॉक्टर आहे. समुद्रावरून परतलेले रुग्ण हिवाळ्यात अधूनमधून येतात, म्हणून माझ्या विषयापुरते लिहितो.

पहिली गोष्ट कानाची. पाण्यात उतरताना कानाच्या पडद्यावर बाहेरून दाब येतो, आणि आतली बाजू नाकामागच्या नळीने मोकळी केली नाही तर दडे बसतात, मग दुखते, मग पडद्यात रक्त उतरते, आणि हट्टाने खाली गेल्यास पडदा फाटतो. दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो, कारण तेवढ्यात तो दुप्पट होतो. म्हणून नवख्या मंडळींनी नांगराचा दोर धरून उतरावे आणि हातभर दोर मागे गेला की नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलावी. दुखण्याची वाट पाहू नये. कान मोकळा होत नसेल तर मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावून फुंकणे सर्वस्वी वर्ज्य आहे. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. नाकात थेंब टाकून उतरणारे लोक मला भेटतात, पण थेंबांचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते. ज्यांचा लहानपणी कान वाहत असे त्यांनी जाण्यापूर्वी पडदा तपासून घेतलेला बरा. आपल्याकडे कृष्णेत पोहून मोठे झालेल्यांमध्ये ही तक्रार चांगलीच आढळते.

कृष्णेचा विषय निघाला म्हणून आणखी एक. आयर्विन पुलावरून पुरात उड्या मारणारे आणि डोहात बुडी मारून तळाची वाळू वर आणणारे पट्टीचे पोहणारे सांगलीत पुष्कळ आहेत. त्यांची छाती भरून दम कोंडण्याची सवय स्कूबात घातक ठरते. दहा मीटरवर सिलिंडरमधून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. दम कोंडून वर आल्यास फुफ्फुस फाटू शकते. श्वास अखंड चालू ठेवणे हा पहिला नियम आहे, आणि आपले साडू नदीत पोहणारे असतील तर त्यांना हे दोनदा सांगावे. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा फुफ्फुसाची जुनी व्याधी असल्यास, तसेच गरोदरपणात, हा बेत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये. बोटीवर सही करायला देतात तो आरोग्याचा फॉर्म न वाचता सर्वत्र ‘नाही’ लिहून परत करण्याची जी पद्धत पडली आहे, ती अत्यंत वाईट आहे.

आपल्या पत्नीला बोट लागण्याबद्दल. गोळी ओकारी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. ती निघण्यापूर्वी तासभर आधी घ्यावी लागते. गाडी लागू नये म्हणून आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनच्या गोळ्यांनी बरीच गुंगी येते आणि गुंगीत पाण्याखाली जाणे योग्य नाही. कमी गुंगी आणणारी गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी आणि आधी एखाद्या रविवारी घरीच घेऊन पाहावी. उपाशीपोटी जाऊ नये. दोन इडल्या किंवा थोडे पोहे खाऊन निघावे, तेलकट टाळावे. बोटीत मध्यभागी, डिझेलच्या धुरापासून दूर बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी; मोबाइलकडे पाहू नये.

वरच्या चर्चेसंदर्भात एवढेच जोडतो की या विकाराची लक्षणे बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच दिसतात. खांदा किंवा कोपर कारणाविना ठणकणे, हातापायांना मुंग्या अथवा बधिरपणा, अंगावर जाळीदार लालसर-निळसर पुरळ, चक्कर, लघवी अडणे किंवा श्रमांच्या मानाने भलताच थकवा यांपैकी काहीही झाले तर ‘बोटीवर अवघडलो असेन’ असे म्हणून झोपू नये. शुद्ध ऑक्सिजन मास्कने द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्णाला आणखी उंचीवर नेऊ नये. पूर्ण उपचार दाबकक्षात होतात. असा कक्ष मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. अंधार पडताना येल्लापूरच्या जंगलात अशी वेळ आली तर काय कराल, याची कल्पना केली तरी पहाटे निघणे का बरे, हे ध्यानात येईल.

माहेर_मालवण (तासगाव)

माझ्या माहेरी मासेमारीच्या होड्या आहेत, आणि आता भाऊ हंगामात पर्यटकांची बोटही चालवतो, म्हणून बोटीबद्दल चार गोष्टी मी सांगते.

बोट सकाळी लवकर का सोडतात हे आधी लक्षात घ्या. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि हिवाळ्यात तेव्हा पाणी बरेच शांत असते. दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटा उठू लागतात. त्यामुळे ‘नाश्ता निवांत करून नऊला निघू’ असे आपल्या मंडळींनी ठरवले, तर परतीचा सगळा प्रवास हलत्या पाण्यात होईल आणि वहिनींना जो त्रास व्हायचा तो तेव्हाच होईल. चालत्या बोटीपेक्षा नांगरलेली बोट अधिक डुलते. बेटापाशी पोहोचल्यावर पहिली पाळी नवख्या दोघांना द्यायला सांगा, म्हणजे त्यांना तयार होऊन ताटकळत बसावे लागणार नाही. पाण्यात उतरल्यावर मळमळ पुष्कळ कमी होते.

पूर्ण बोट घेता आहात तर पैसे देण्याआधी एकदा जेटीवर जाऊन ती डोळ्यांनी पाहा. माणसे बसतील तितकी जॅकेटे आहेत का, ती अंगात घालून बंद होतात का, हे हाताने तपासा. बाकाखाली गाठोडे करून कोंबलेली जॅकेटे अडचणीच्या वेळी कोणाच्याही हाती लागत नाहीत. ऑक्सिजनचा सिलिंडर कोठे आहे, तो भरलेला आहे का आणि तो लावायला कोणाला येते, हे तिन्ही प्रश्न विचारा. बऱ्याच ठिकाणी पहिल्याचे उत्तर मिळते आणि तिसऱ्याला एकमेकांची तोंडे पाहिली जातात. व्हीएचएफ रेडिओ हवाच, कारण १९ किलोमीटर आत मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. संकटाची हाक त्याच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर द्यायची असते, आणि फोन लागत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. सगळे पाण्यात असताना तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरच राहिला पाहिजे. प्रत्येक डाइव्हनंतर बोट हलवण्याआधी नावे घेऊन माणसे मोजली जातात का, हेही विचारा. ‘आम्हाला सगळे दिसतात की’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

२४ मे २०२२ रोजी आमच्या मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यापाशी स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. ती पाण्याखाली झालेली दुर्घटना नव्हती. पाण्याखालच्या नियमांची लोक चौकशी तरी करतात. परतताना मात्र सगळे दमलेले असतात आणि गरम होते म्हणून सर्वांत आधी जॅकेट उतरवतात. मेच्या शेवटी समुद्राचा रंग बदलू लागतो. आपण जानेवारीत जात आहात ते उत्तम.

मालवण सोडून नेत्राणीच का, असे विचारणार होते, पण तुमच्यातल्या चौघांकडे प्रमाणपत्र आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. तिथे पाणी आमच्यापेक्षा बहुधा नितळ असते. पाकट, हेकरू, पोपटमासे आणि नशीब असले तर कासव, एवढे तरी दिसावे.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चा घरी वाचून दाखवली. आम्ही चौघे आणि पत्नी रविवारी मुरुडेश्वरलाच मुक्काम करून सोमवारी पहाटे पाचला निघू. साताऱ्याच्या दोघांनीही कार्यालयात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. पत्नीने डॉक्टरांना विचारून गोळी आणली असून ती येत्या रविवारी घरी घेऊन पाहणार आहे.

साडूंचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. त्यांना सोमवारी अकराच्या आत मार्केट यार्डात पोहोचायचेच आहे, आणि त्यासाठी डाइव्हच सोडून देण्याची त्यांची तयारी आहे. आमच्या दोन गाड्या आहेत आणि एकीवर ड्रायव्हर आहे, जो पाण्यात उतरणार नाही. काही मार्ग निघेल का?

पाणकावळा (कराड)

निघेल. साडूंची एकच डाइव्ह आहे आणि नवख्यांना प्रशिक्षकाबरोबरही बारा मीटरच्या खाली नेत नाहीत, तेव्हा त्यांना बारा तासांचा नियम लागतो. ताईंनी सुचवल्याप्रमाणे पहिली पाळी त्यांना दिली, तर ते साधारण पावणेअकराला बोटीवर परत येतील आणि बारा तास रात्री पावणेअकराला पुरे होतील. जेवून रात्री नऊला मुरुडेश्वर सोडावे. अरबैल घाटाच्या पायथ्याशी पोहोचायला दोन तास लागतातच, म्हणजे चढण सुरू होईल तेव्हा वेळ भरलेली असेल. पहाटे सहाच्या सुमारास सांगली येईल आणि अंघोळ, चहा उरकूनही सौद्याच्या आधी ते दुकानात असतील.

यात अट एकच आहे. ड्रायव्हरने रविवारी दुपारी खोलीवर पडदे ओढून सलग झोप काढली पाहिजे. आपण समुद्रावर असताना तो देवळाच्या गोपुरावर आणि चौपाटीवर फिरत बसला, तर नायट्रोजनचा हिशेब बरोबर जुळूनही येल्लापूरच्या वळणांवर पेंगणाऱ्या माणसाच्या हाती गाडी राहील. त्याची खोली आदल्या रात्रीपासूनच घेऊन ठेवा. आणि साडूंनी सांगलीत उतरल्यावर खांदा ठणकतो का, हातांना मुंग्या येतात का, याकडे दिवसभर लक्ष ठेवावे. काही वाटलेच तर सौदा मुलावर सोपवून थेट मिरजेला डॉक्टरांकडे जावे आणि आदल्या दिवशी डाइव्ह केली होती हे पहिल्याच वाक्यात सांगावे.